अठ्ठेचाळीस तासांचा गेम आणि टेम्पोत न मावलेले सामान

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचे तुम्ही चार विद्यार्थी जानेवारी २०२५ मधील ग्लोबल गेम जॅममध्ये, म्हणजे दिलेल्या विषयावर अठ्ठेचाळीस तासांत गेम तयार करण्याच्या जगभरच्या उपक्रमात, उतरलात. त्या वर्षीचा विषय ‘बबल’ होता आणि बुडबुड्यात बसून वर वर जाणाऱ्या मुलाचा गेम करायचे तुम्ही ठरवले. पाच लेव्हल, शेवटी एक मोठा शत्रू, वाटेत नाणी, त्या नाण्यांचे दुकान आणि सुरुवातीला गोष्ट सांगणारी चित्रमालिका, असा बेत होता. दोन रात्री जागूनही दीडच लेव्हल तयार झाली. शनिवारी रात्री दोघांचे काम एकत्र करण्यात तीन तास गेले. रविवारी सादरीकरणाच्या वेळी वेबपानावर गेमऐवजी एक इंग्रजी सूचना झळकली आणि दुसऱ्या लॅपटॉपवर गेम चालवला, तेव्हा बुडबुडा इतक्या वेगाने उडाला की सगळे सभागृह हसले. ‘वेळ कमी पडला की आम्हीच कमी पडलो?’ असे तुम्ही विचारले आहे.

मी पुण्यात गेली बारा वर्षे गेमचे प्रोग्रॅमिंग करतो आणि या काळात वीसेक जॅममध्ये भाग घेतला आहे. त्यांतील निम्म्याहून अधिक गेम आज पुन्हा उघडून पाहण्याचे धाडस मला होत नाही. तेव्हा पुढे जे लिहितो आहे, ते बहुतांशी स्वतःच्या फजितीतून आलेले आहे. माझे मत असे की शुक्रवारी रात्री मोठा बेत आखणे ही तुमची चूक नव्हती, कारण शुक्रवारी सगळेच मोठा बेत आखतात. शनिवारी दुपारी बेतातील निम्मा भाग मोडीत काढण्याची वेळ आली होती आणि ती तुम्ही ओळखली नाही, किंवा ओळखूनही एकमेकांना सांगितली नाही. चौघे जण एकत्र काम करत असताना ‘तुझे दुकान आता राहू दे’ हे वाक्य उच्चारणे किती अवघड असते, याची मला पूर्ण कल्पना आहे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही. पण ते अंथरूण मुळात किती लांब असते, याचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. अठ्ठेचाळीस तासांतून दोन रात्रींची झोप, साधारण चौदा तास, वजा करा. जेवण, अंघोळ, चहा, येणे-जाणे यांचे सहा तास आणि विषय कळल्यावर कल्पना ठरवण्याचे तीन तास जातात. शेवटचे सहा तास नवीन काहीही न करता केवळ बिल्ड, म्हणजे दुसऱ्याला खेळता येईल अशी तयार आवृत्ती, काढणे, अपलोड करणे आणि दुसऱ्या यंत्रावर तपासणे यांसाठी राखून ठेवावे लागतात. उरले एकोणीस तास, आणि त्यांतील जवळपास निम्मे बग शोधण्यात जातात. म्हणजे नवे काही घडवण्यासाठी हाताशी असतात ते दहा तास. माणसे चार आहेत म्हणून त्याचे चाळीस तास होत नाहीत, कारण चौघांचे काम जुळवण्यातच बराच वेळ जातो, हे तुम्ही शनिवारी रात्री अनुभवले आहे. पाच लेव्हल, शत्रू, दुकान आणि चित्रमालिका हे सगळे दहा तासांत बसवायचे होते, हे एकदा कागदावर लिहून पाहिले की आपण कमी पडलो का, या प्रश्नाचे उत्तर मिळते.

आता माझ्या एका गेमची हकिकत सांगतो. २०१९ च्या ग्लोबल गेम जॅमचा विषय होता, ‘घर म्हणजे तुमच्यासाठी काय’. आम्ही तिघे होतो आणि तिघांनीही पुण्यात भाड्याची घरे पुष्कळ बदललेली होती. त्यामुळे घर बदलण्याचा गेम करायचे अर्ध्या तासात ठरले. पहिल्या टप्प्यात टेम्पोत सामान रचायचे, दुसऱ्यात तो टेम्पो खड्ड्यांतून चालवायचा आणि तिसऱ्यात नव्या घरात सामान मांडत शेजाऱ्यांशी बोलायचे, अशी योजना होती. टेम्पो चालवण्याचे काम मी अंगावर घेतले आणि शनिवार सकाळपासून रात्री अकरापर्यंत चाके, स्प्रिंग आणि उसळणारे सामान यांच्याशी झुंजत राहिलो. चढावर टेम्पो मागे घसरायचा, उतारावर उलटायचा आणि सामान हौद्याच्या तळातून आरपार खाली पडायचे. त्याच वेळात माझ्या सहकाऱ्याने सामान रचण्याचा भाग पूर्ण केला होता. सहा चौकोन रुंद आणि पाच चौकोन उंच असा हौदा होता, आणि लोखंडी कपाट, गॅसचा सिलिंडर, मिक्सर, पाटा-वरवंटा, तुळशीची कुंडी अशा वेगवेगळ्या आकारांच्या वस्तू माऊसने उचलून त्यात बसवायच्या होत्या. तो भाग दुपारी तीन वाजताच खेळता येत होता, परंतु आम्ही त्याला ‘पहिला टप्पा’ म्हणत असल्यामुळे पूर्ण गेम आपल्या हाती आधीच आलेला आहे, हे रात्रीपर्यंत तिघांपैकी कोणाच्याही लक्षात आले नाही.

रात्री शेजारच्या टेबलावरील एका मुलीला आम्ही तो खेळायला बसवले आणि आमचीच एक चूक उघडी पडली. सगळ्या वस्तूंचे मिळून चौतीस चौकोन होत होते आणि हौद्यात जागा होती तीस चौकोनांची. बेरीज करताना कोणीतरी एक वस्तू विसरले होते. त्या मुलीने बराच वेळ वस्तू इकडून तिकडे फिरवल्या, काही केल्या त्या मावेनात, आणि शेवटी ती आमच्याकडे वळून म्हणाली, “मग मागे काय ठेवून जायचं?” आम्ही तिघेही गप्प झालो. घर म्हणजे काय या विषयाचे इतके नेमके उत्तर आमच्या तीन टप्प्यांच्या योजनेत कुठेच नव्हते. त्या रात्री मी टेम्पो चालवण्याचा सगळा कोड काढून टाकला, तिसरा टप्पा रद्द झाला, आणि चार चौकोनांची ती तूट बग म्हणून दुरुस्त न करता आम्ही गेमचा नियम म्हणून ठेवली. शेवटी टेम्पो निघून जातो आणि मागे राहिलेल्या वस्तू रिकाम्या खोलीत काही क्षण दिसतात, एवढाच शेवट केला. तेरा तासांचे काम टाकून देताना मला फार वाईट वाटेल अशी भीती होती. प्रत्यक्षात खांद्यावरचे ओझे उतरल्यासारखे वाटले.

यावरून मी तेव्हापासून एक नियम पाळतो. शनिवारी दुपारच्या जेवणापर्यंत गेम सुरू झाला पाहिजे, त्यात काहीतरी करता आले पाहिजे आणि तो संपला पाहिजे. मग चित्रांच्या जागी नुसते रंगीत चौकोन असले आणि आवाज मुळीच नसला तरी हरकत नाही. हे साधले की पुढचा प्रत्येक तास सुधारणेचा असतो आणि कोणत्याही क्षणी थांबता येते. तुमच्याकडे रविवारी पहाटे पहिली लेव्हल देखणी होती, परंतु शेवट कोठेच नव्हता. खेळणाऱ्या परक्या माणसाला चित्रे थोडी ओबडधोबड असल्याचे काही वाटत नाही, पण गेम मध्येच तुटला की तो लगेच उठून जातो.

दुपारपर्यंत संपेल एवढा लहान गेम कसा सुचावा, असे तुम्ही विचाराल. मी कल्पनेकडे क्रियापदाच्या अंगाने पाहतो, म्हणजे खेळणारा मुख्यतः काय करतो, हे एका क्रियापदात सांगता येते का ते तपासतो. जॅममधून पुढे नावारूपाला आलेले गेम पाहिले की ही गोष्ट ठळकपणे दिसते. ‘सर्जन सिम्युलेटर’ २०१३ च्या ग्लोबल गेम जॅममध्ये जन्माला आला. त्यात हाताची बोटे एकेक करून हलवत शस्त्रक्रिया करायची असते आणि सगळी गंमत त्या बेशिस्त हातात आहे. ‘टायटन सोल्स’ डिसेंबर २०१३ च्या लुडम डेअर या दुसऱ्या जॅममधला, विषय होता ‘तुम्हाला एकच मिळेल’, आणि खेळणाऱ्याकडे खरोखरच एकच बाण असतो. ‘बाबा इज यू’ २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये तयार झाला. त्यात गेमचे नियमच शब्दांच्या ठोकळ्यांच्या रूपात पटावर असतात आणि ते ढकलून नियम बदलता येतात. त्याची विक्रीची आवृत्ती २०१९ मध्ये आली, म्हणजे मूळ कल्पना एका शनिवार-रविवारात मिळाली तरी तिचे सोने करायला दोन वर्षे लागली. हे मुद्दाम सांगतो, कारण ही दोन वर्षांची मेहनत अठ्ठेचाळीस तासांत कोंबण्याचा मोह नवख्यांना फार होतो. तुमच्या बेतात चढणे, मारणे, गोळा करणे, खरेदी करणे आणि वाचणे अशी पाच क्रियापदे होती. बुडबुड्याला शोभणारे एकच होते, ते म्हणजे फुटू न देणे.

कल्पना ठरवताना सर्वांत आधी सुचलेल्या दोन-तीन कल्पना बाजूला ठेवाव्यात, असा सल्ला अनेक जण देतात आणि तो बरोबर आहे, कारण त्याच कल्पना त्याच वेळी इतर शेकडो गटांना सुचलेल्या असतात. मात्र नावीन्याच्या हट्टापायी शुक्रवारची सगळी रात्र चर्चेत घालवणारे गटही मी पाहिले आहेत. तीन तासांनंतर कागद मिटावा आणि जे हाती असेल ते घेऊन कामाला लागावे.

आता तुमच्या तांत्रिक अडचणींकडे वळतो. बुडबुडा दुसऱ्या लॅपटॉपवर का उडाला, याचे कारण बहुधा असे की तुम्ही त्याची जागा दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक नव्या चित्राला, ठरावीक अंतराने वाढवत होता. तुमचा लॅपटॉप सेकंदाला ६० फ्रेम दाखवतो, आणि सादरीकरणासाठी घेतलेला गेमिंग लॅपटॉप १४४ फ्रेम दाखवणारा होता असे तुम्ही लिहिले आहे. तेव्हा बुडबुडा त्यावर जवळपास अडीचपट वेगाने गेला. उपाय एका ओळीचा आहे. वेग ‘दर फ्रेमला इतके’ असा न लिहिता ‘दर सेकंदाला इतके’ असा लिहावा आणि मागील फ्रेमपासून गेलेल्या वेळेने, म्हणजे गोडो या तुमच्या गेम-इंजिनातील डेल्टाने, त्याला गुणावे.

वेबपानावरील सूचनेचे कारणही शोधण्यासारखे आहे. तुम्ही गोडो ४.२ वापरले होते. ४.३ पूर्वीच्या चौथ्या पिढीतील गोडोचा वेबसाठीचा बिल्ड ब्राउझरमधील सामायिक मेमरीवर अवलंबून असे, आणि ही सुविधा ब्राउझर सुरक्षेच्या कारणास्तव केवळ विशिष्ट हेडर (पानासोबत जाणाऱ्या सूचना) पाठवणाऱ्या सर्व्हरच्या पानांनाच देतो. इच डॉट आयओ या गेम ठेवण्याच्या संकेतस्थळावर त्यासाठी एक पर्याय निवडावा लागतो, तो तुमच्याकडून राहिला असणार. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ४.३ पासून थ्रेडविना, म्हणजे या सामायिक मेमरीविना, बिल्ड काढता येतो आणि ही अडचण उद्भवत नाही. आमच्या टेम्पोच्या गेममध्ये वेगळाच घोळ झाला होता. आवाजाच्या फाइलचे नाव एका ठिकाणी मोठ्या रोमन अक्षराने आणि कोडमध्ये लहान अक्षराने लिहिलेले होते. विंडोजला दोन्ही सारखीच असल्यामुळे आमच्याकडे सर्व काही ठीक चालत होते, आणि बिल्ड वेबवर जाताच आवाज गायब झाला. अशा चुका वाचून टळत नाहीत, अपलोड करून पाहिल्यावरच सापडतात. म्हणून मी शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी, पडद्यावर नुसता एक चौकोन हलत असतानाच, पहिला बिल्ड पानावर चढवतो आणि मोबाइलवरून, घरच्या कोणाच्या तरी संगणकावरून उघडून पाहतो. ब्राउझर खेळणाऱ्याने कोठेतरी टिचकी मारल्याशिवाय आवाज वाजू देत नाही, त्यामुळे सुरुवातीला ‘खेळा’ असे एक बटण ठेवावे, हेही अशाच एका शुक्रवारी मी शिकलो.

काम एकत्र करण्यात तुमचे तीन तास गेले, कारण दोघांनी एकाच वेळी एकाच सीनमध्ये, म्हणजे गेममधील एका दृश्याच्या फाइलमध्ये, बदल केले. कोडच्या फाइली गिट हे बदलांची नोंद ठेवणारे साधन बऱ्यापैकी जुळवते. सीनच्या फाइली मात्र इंजिनच लिहीत असल्यामुळे त्यांतील विसंगती हाताने सोडवणे जिकिरीचे होते. आम्ही यावर शोधलेला उपाय हास्यास्पद वाटेल इतका साधा आहे. टेबलावर एक स्टीलचा पेला ठेवायचा. ज्याच्यासमोर पेला असेल, त्यानेच मुख्य सीन उघडायचा. बाकीच्यांनी आपापल्या लहान सीनमध्ये काम करायचे. कमिट, म्हणजे बदलांची गिटमध्ये नोंद, दर तासाला, आणि गेम चालू स्थितीत असेल तेव्हाच. कोड सुबक असावा असा आग्रह मात्र या दोन दिवसांत धरू नये. आमच्या गेममधील बाराही वस्तूंचे आकार कोडमध्ये थेट आकड्यांनी लिहिलेले होते आणि त्यामुळे काहीच बिघडले नाही.

शनिवारी संध्याकाळनंतर वेळ उरला, तर तो नव्या लेव्हलवर घालवण्यापेक्षा हाताला जाणवणाऱ्या गोष्टींवर घालवणे मला अधिक फायद्याचे वाटते. उड्या मारण्याच्या गेममध्ये खेळणारा कडेवरून पुढे गेल्यानंतरही सेकंदाचा दहावा भाग, म्हणजे सुमारे सहा फ्रेम, त्याला उडी मारू देतात. ही सवलत खेळणाऱ्याला कळत नाही, पण ती काढून घेतली की तो ‘मी बटण दाबले होते’ अशी तक्रार करतो. तसेच जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी दाबलेले बटण लक्षात ठेवून टेकताच उडी देणे. टेम्पोच्या गेममध्ये वस्तू जागेवर बसताच खट्ट असा आवाज आणि हौद्याला दोन पिक्सेलचा हेलकावा, एवढे घातल्याबरोबर तोच गेम वजनदार वाटू लागला. ते आवाज आम्ही एसएफएक्सआर या साधनाने केले. टोमास पेटरसन या प्रोग्रॅमरने २००७ च्या डिसेंबरमधील लुडम डेअरसाठी, सहभागी लोकांना झटपट आवाज करता यावेत म्हणून, ते तयार केले होते, आणि आजही वीस मिनिटांत गेमभराचे आवाज त्यातून मिळतात. चित्रांच्या बाबतीत चार-पाचच रंग ठरवून सगळे त्यांत बसवावे. एक पात्र देखणे आणि बाकी सगळे ओबडधोबड, असा विजोडपणा पडद्यावर फार खुपतो.

मराठीत गेम करण्याचा तुमचा विचार असल्याचे तुम्ही शेवटी लिहिले आहे, तो मला फार आवडला. त्यासंबंधी एक सावधगिरी. २०१९ मध्ये आम्ही वापरलेल्या गोडोच्या तिसऱ्या पिढीला देवनागरीची जोडाक्षरे जुळवता येत नव्हती. ‘सिलिंडर’ लिहिले की ऱ्हस्व वेलांटी ‘स’च्या आधी येण्याऐवजी नंतर जाऊन बसायची. शेवटी सगळा मजकूर आम्ही चित्रे म्हणून घातला. मार्च २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीपासून मजकुराची जुळणी नीट होते. तरीही वेबच्या बिल्डला संगणकातील फॉन्ट वापरता येत नाहीत, म्हणून देवनागरी फॉन्टची फाइल प्रकल्पात स्वतः घालावी लागते. नाहीतर तुमच्याकडे सुंदर दिसणारा मजकूर पानावर रिकाम्या चौकोनांच्या रूपात उमटतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत आणि त्यांतील ‘मुक्ता’ लहान आकारातही चांगला वाचता येतो.

दुसऱ्याला खेळायला बसवणे, हे माझ्या मते जॅममधले सर्वांत दुर्लक्षित काम आहे. त्याच्या मागे उभे राहावे आणि तोंड उघडू नये. ‘तिथे क्लिक करा’ असे सांगण्याची अनावर इच्छा होते. जिथे ती होते, ती जागा वहीत लिहून ठेवावी, कारण गेमने जे सांगायला हवे होते ते तिथे राहून गेलेले असते. रविवारी सकाळी आम्ही त्या इमारतीच्या सुरक्षारक्षक काकांना बसवले. त्यांनी आयुष्यात गेम खेळला नव्हता, पण घरे अनेकदा हलवलेली होती. सिलिंडर आडवा फिरतो हे पाहताच ते म्हणाले, “अहो, सिलिंडर आडवा नेत नाहीत. उभाच पाहिजे.” त्यानंतर सिलिंडर फिरेनासा झाला, कोडे दुपटीने अवघड झाले आणि खेळणारा प्रत्येक जण त्या जागी हसू लागला, कारण सगळ्यांना ते ठाऊक होते.

जागरणाबद्दल एकच सांगतो : पहाटे तीन वाजता मी लिहिलेला कोड सकाळी नऊ वाजता मीच काढून टाकलेला आहे, आणि हे एकदा घडलेले नाही.

ग्लोबल गेम जॅम ही स्पर्धा नाही, त्यामुळे तुमचे काही हरलेले नाही. पुढच्या जॅमची वाट पाहण्याआधी हाच गेम घ्या. दुकान, नाणी, शत्रू आणि चित्रमालिका काढून टाका, पहिल्या लेव्हलच्या टोकाला शेवट जोडा आणि बिल्ड ४.३ किंवा पुढच्या आवृत्तीतून काढून पानावर पुन्हा चढवा. दोन संध्याकाळींचे काम आहे. डेल्टाची दुरुस्ती केल्यावर मात्र एक प्रयोग अवश्य करा. सभागृह ज्या वेगाला हसले, तो अडीचपट वेग एका वेगळ्या बिल्डमध्ये मुद्दाम ठेवा, बुडबुडा वाचवण्यासाठी खेळणाऱ्याला फक्त एक बटण द्या आणि गेमबद्दल काहीही ठाऊक नसलेल्या कोणाला तरी तो खेळायला बसवून मागे गप्प उभे राहा.